पाहुणे गेल्यावर

हल्ली मी पेशंट बघत नाही, त्यांच्या केसेस वाचतो. मी मानसोपचारतज्ज्ञ. विमा कंपन्या इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या माझ्या घरी कॉम्प्युटरवर कागद पाठवतात. दवाखान्यात ठेवायची गरज आहे की नाही, ते मी त्रयस्थ म्हणून सांगायचं. पेशंटला भेटायचं नाही, फोन करायचा नाही. नावसुद्धा झाकलेलं असतं. मला ते बरं वाटायचं, हे आज सांगून टाकतो.

मागच्या थंडीत स्नेहलतागंजच्या एका नर्सिंग होममधली केस आली. पन्नाशीच्या मराठी बाई, डिप्रेशन. मुक्काम वाढवून मागितला होता. सिस्टरने लिहिलेलं, भेटायला आलेल्यांशी हसून बोलल्या, पोहे खाल्ले, नणंदेला पोह्यांवर आणखी जीरावण मसाला घ्यायचा आग्रह केला. मी मत दिलं: भूक चांगली, वागणं मोकळं, घरी ठेवून उपचार शक्य.

दुपारी, मताखालची माझी सही बघून, त्यांच्या डॉक्टरचा फोन आला. माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी.

"सर, ये क्या लिख दिया? घरचे सामान बांधताहेत. कंपनी देणार नसेल तर ते ठेवणार नाहीत."

"कागदावर आहे त्यावरच लिहिणार ना मी?"

"पण तुम्हीच तर शिकवलं होतं, सर! आपल्या बायकांना पाहुणे गेल्यावर बघायचं. समोर तर त्या सलाईन लावलेल्या हातानं चहा विचारतील. लोक गेले की ही बाई भिंतीकडे तोंड करून पडते. काल म्हणाली, आता सगळंच नको झालंय."

"मग ते लिहायचं होतं," म्हणालो आणि फोन ठेवला.

तिला शिकवलं होतं खरं, पण मी ते कुठे शिकलो हे कधी सांगितलं नव्हतं. जुनी इंदूरच्या आमच्या दोन खोल्यांत कुणी आलं की आई उठायची, केस सारखे करायची, पोह्यांवर सेव पेरायची. शेजारचे काका मला म्हणायचे, "वहिनी तर फर्स्टक्लास आहेत, भिया. तू डॉक्टर काय झाला, घरातच पेशंट शोधतो!" मी हसायचो. त्यांना सोडायला चौकापर्यंत जायचो आणि तिथे मुद्दाम गप्पा लांबवायचो. परतल्यावर आई भिंतीकडे वळलेली असणार, हे मला ठाऊक असायचं.

"गेले का रे?" ती तशीच विचारायची.

"हो," म्हणून मी आतल्या खोलीत जायचो. आज तिची पाठ लख्ख आठवते. चेहऱ्यासाठी जुना फोटो बाहेर काढावा लागतो.

संध्याकाळी मी मत बदलून कंपनीला पाठवलं आणि डॉक्टरला फोन लावला.

"घेऊन गेले, सर. जाताना बाईंनी सगळ्या सिस्टरांना हसून नमस्कार केला."

"त्यांना परत बोलव. माझं नाव सांग, चूक माझी होती म्हणून सांग."

"फोन उचलत नाहीयेत."

पुढचे दोन दिवस मी घरात नुसता फिरत होतो. मग डॉक्टरचा मेसेज आला: आल्या परत. घरच्यांनी स्वतःच आणलं, घाबरलेत.

त्या बाईंपाशी जाऊन बसावंसं फार वाटलं. भेटायची वेळ संपल्यावर, खुर्ची ओढून, काही न बोलता. नियमात ते बसत नाही, आणि त्यांना माझी गरजही नाही. मलाच त्या चौकातून लवकर घरी यायचंय. आईनं विचारावं, "गेले का रे?" आणि मी म्हणावं, "गेले. मी आहे. तू पडून राहा."