शेवटच्या दहा मिनिटांतला जावई

“विलासला उतरव,” मी म्हणालो.

आमचा कॅप्टन सावंत घाम पुसत रेषेपाशी आला होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाकावर केळं खात बसलेल्या विलास घरतकडे.

“साहेब, स्टोअरमधून लॅबपर्यंत चालत आला तरी त्याला धाप लागते.”

“माहीत आहे.”

मी तेव्हा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोल बघायचो. बॅच, म्हणजे एका वेळी तयार झालेला माल, पास की नापास हे ठरवणं माझं काम. फुटबॉल टीमचं मॅनेजरपद मात्र मी रजेवर असताना माझ्या गळ्यात पडलं.

मॅच पेणला होती. वर्क्स मॅनेजरनी निघतानाच बजावलं होतं, “जिंकलात तर सरावासाठी शिफ्ट बदलून देईन. हरलात तर टीम बंद. बरोबरी झाली तरी बंद.” सावंत ड्यूटीपेक्षा टीमसाठीच कंपनीत यायचा. आणि आता स्कोअर १-१, दहा मिनिटं बाकी.

विलासची कामगिरी मला पाठ होती. अख्ख्या सीझनमध्ये बॉल त्याला दोनदा लागला, त्यातलं एकदा पाठीत. पण आणखी एक माहिती माझ्याकडे होती. पेणचे बचावातले तिन्ही बॅक धरमतरकडचे पाटील, सख्खे भाऊ. त्यांची एकुलती एक बहीण नुकतीच विलासला दिलेली. त्या लग्नात मी जेवलो होतो. खेळाडूंच्या नात्याबद्दल नियमांत काही नाही, हेही मी आदल्या दिवशी बघून ठेवलं होतं.

विलास उतरला. बॉल त्याच्याकडे जाताच धाकटा पाटील धावत आला.

“ए, जावय हाय आपला,” थोरला ओरडला. “आंगावर नको जाऊ.”

धाकटा जागच्या जागी थांबला. विलास जवळजवळ चालतच पुढे गेला आणि त्याने बॉल बाहेर मारला. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

पेणचा कॅप्टन वैतागला. “मॅच खेळताय का पाहुणचार करताय?”

“तुला काय जातंय? ताईला तोंड आमाला दाखवायचंय,” थोरला म्हणाला.

कॅप्टन हुशार होता. त्यानेही बदली मागितली. गोलकीपर बाहेर आला आणि राखीव गोलकीपर हाफपँट वर ओढत आत गेला. हसुराम पाटील. मिठागरात काम करून खांदे भरलेले. विलासचे सासरे.

सावंतने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

शेवटच्या मिनिटाला बॉल परत विलासकडे आला. मेव्हणे बाजूला झाले. समोर फक्त सासरे. विलास थांबला. बॉल सोडला, पुढे गेला आणि वाकला.

“ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, जावयबापू.” हसुराम गोल सोडून पुढे आले, त्यांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. “घरी समदी बरी हायत ना?”

“व्हय, बरी हायत.”

तेवढ्यात मागून सावंत आला आणि त्याने बॉल रिकाम्या गोलात ढकलला.

पेणवाल्यांनी रेफरीला घेरलं. रेफरी शाळेत पीटी शिकवायचे. “पाया पडणं फाउलमध्ये येत नाही,” ते म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

सोमवारी वर्क्स मॅनेजरनी मला बोलावलं. सरावाच्या कागदावर सही केली, मग पेन खाली ठेवलं. “म्हणजे विलासला उतरवलं म्हणून जिंकलो?”

“सांगता येत नाही, सर.”

“का?”

“बॅच बिघडली की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. इथे आम्ही जावई बदलला, त्यांनी सासरा. दुसरी मॅच झाल्याशिवाय मत देणार नाही.”

“दुसरी कोणाशी आहे?”

“अष्टमी गावच्या टीमशी. सावंतसाठी तिकडची मुलगी बघतोय.”