वितीचं माप

शिंदे की छावनीत आमच्या घरासमोर एक मिस्त्री ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगा, बसवायचे. शिंद्यांचं संस्थान विलीन झालं, फौजेच्या कारखान्यातली नोकरी गेली, तेव्हा हातातली मोजपट्टीसुद्धा त्यांनी इमानदारीने जमा केली होती. मग ट्रक पुढून दोन्हीकडे सारखा उंच आहे का, हे ते वितीनेच मोजत आणि म्हणत, "बस, बरोब्बर!"

एकदा त्यांनी पाटे बसवून दिलेला ट्रक वळणावर उलटला. लोक मेलेल्या ड्रायव्हरलाच बोल लावत होते. ओढून आणलेल्या ट्रकच्या दोन्ही बाजू मिस्त्रींनी सुतळी लावून मोजल्या. डावी बाजू बोटभर खाली भरली.

"अपघातात दबली असेल," मी म्हणालो.

"पाटे शाबूत आहेत, भाऊसाहेब, माझंच माप चुकलं. पट्टी जमा केली, त्याच दिवशी हे हातही जमा करायला हवे होते."