वहाणेचं माप
वहाणांना लावलेल्या एरंडेलाचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर एका जहागीरदारानं आपली शर्यतीची जुनी मोटार विकून टाकली आणि मुरुमकडच्या एका बागायतदारानं ती हौसेनं घेतली. थोड्याच दिवसांत ते उस्मानाबादला माझ्या गॅरेजात आले. म्हणाले, "मिस्त्री, ब्रेक दाबला की एक्सलेटर बी दबतंय. परवा उतारावर बैलगाडीत घुसलो असतो." मी त्यांच्या पायांकडं पाहिलं. एरंडेल पाजलेल्या, पसरट, जाड वहाणा. शर्यतीच्या मोटारीत पायडलं आधीच एकमेकांना खेटून, त्यात ही वहाण; म्हटलं, दुखणं इथंच आहे. वहाण फरशीवर ठेवून खडूनं माप काढलं आणि त्या मापानं दोन पायडलांत जागा करायला घेतली. तीन दिवस पायडलांच्या त्या अरुंद बोळकांडीत डोकं खाली, पाय वर करून पडलो होतो. पायडलाचा दांडा वाकवला की एक्सलेटरच्या तारेला घासायचा, सरळ केला की जागा पुरायची नाही, आणि जोड मारताना ठिणग्या मानेवर पडायच्या. चौथ्या दिवशी मालक आले. नारळ फोडला, कुंकू लावलं, वहाणा बाहेर काढल्या आणि अनवाणी आत बसले. ब्रेकसाठी उचललेला पाय दोन पायडलांच्या मधल्या जागेत धप्पकन पत्र्यावर आपटला. "मालक, वहाणा घाला की." "लक्ष्मीत वहाणा घालून बसत्यात व्हय? म्या आजवर कधी बसलो न्हाय." मी पुन्हा डोकं खाली घातलं. आता मी गॅरेजात नुसता खुर्चीवर बसतो, तरी त्या वहाणांवर चिडतो. स्वतःवर तरी किती चिडणार?