माळ्यावरचा सर्व्हर

फिनेलमध्ये मिसळलेला गाळाचा वास आला की मला महाडच्या त्या दवाखान्यातला माळा आठवतो. सावित्रीच्या पुराच्या धास्तीनं आम्ही सर्व्हर तिथं चढवून ठेवला होता; कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे होतं. पेशंटांचे सगळे रिपोर्ट त्यात, आणि त्यावर लिनक्सची एक फुकटची पण भरवशाची आवृत्ती, म्हणजे मशीन चालवणारी सिस्टिम. एका सकाळी शिडीवर उभ्या उभ्या मोबाइलवर बातमी वाचली: ती बनवणाऱ्यांना आधीच विकत घेतलेल्या बड्या कंपनीनं तिचे अपडेट मुदतीआधीच बंद करायचं ठरवलं होतं. म्हणजे उद्या कुणी हॅकर आत घुसला, तर भगदाड बुजवायला कुणीच येणार नव्हतं. मी शिडी घट्ट धरली. खाली लादी पुसणाऱ्या मावशींनी विचारलं, “पाणी चढतंय काय रे?” “नाय मावशी.” “मग घाबरतोस कशाला? मशीन चालू हाय ना?” चालूच होतं. आज नवी सिस्टिम टाकताना मी आधी तिचा मालक कोण ते बघतो. सावित्री निदान चढताना दिसते तरी.