पळीभर औषध

खरं सांगू, त्या आठवड्यात माझं आणि देवाचं चांगलंच वाजलं होतं. इथे आखातात, सालमियातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात चिऊ, माझी तीन वर्षांची लेक, तापाने पडली होती आणि मी पूजेला बसले की हात जोडायचं सोडून भांडत होते. "अरे बाळकृष्णा, तुला रोज न्हाऊ घालते, लोणी-साखर ठेवते, आणि माझ्या लेकराकडे तुझं लक्ष नाही?" नवरा दूर खैरानच्या बाजूला कामावर, मुक्कामही तिकडेच. फोनवर विचारायचा, "ताप उतरला का गं?" मी "उतरेल" म्हणून फोन ठेवायचे. पण उतरत कुठला! डॉक्टरांनी कानात इन्फेक्शन आहे म्हणून अँटिबायोटिकचं गुलाबी औषध दिलं होतं, मी ते वेळच्या वेळी देत होते, तरी पोरीचं अंग तव्यासारखं तापलेलं. माझं कुठे चुकतंय हेच कळत नव्हतं.

आता मी ते देत होते कसं, तेही सांगते. माझ्या सासरी, नाशिकला, लेकरांचं औषध आधी देवापुढे ठेवतात आणि मग तीर्थाच्या पळीने पाजतात. सासूबाईंनी त्यांच्या मुलांना तसंच पाजलं, आणि इकडे येताना ती छोटी तांब्याची पळी माझ्या हातात ठेवली. क्लिनिकमधून औषधाबरोबर बिनसुईची सिरिंज मिळाली होती, कुठपर्यंत भरायचं त्याची खूणही डॉक्टरांनी पेनाने करून दिली होती. ती मला कशीतरीच वाटली. लेकराला औषध द्यायचं की इंजेक्शन? दिली ड्रॉवरमध्ये टाकून. देवाच्या पळीतून गेलेलं औषध जास्त लागू पडेल असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्यात मला काही वावगं दिसत नव्हतं.

त्या दुपारी धुळीचं वादळ आलं. समोरच्या इमारती हळूहळू पुसट झाल्या, मग दिसेनाशाच झाल्या, आणि खिडकीतून हळदीच्या पाण्यासारखा पिवळा उजेड घरभर पसरला. अजानचा आवाज फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येत होता. चिऊ ग्लानीत होती. मध्येच डोळे उघडून "आई, इट्स नाइट?" म्हणाली आणि पुन्हा मिटले. मी तिच्याजवळ बसून नाम घेत होते. जागी होते की झोपेत, मलाच सांगता येत नव्हतं. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण त्या उजेडात इतका जिवंत दिसत होता की आता हा रांगत येऊन चिऊच्या उशाशी बसेल असं वाटलं. भांडण कुठल्या कुठे गेलं आणि मला रडूच फुटलं. म्हटलं, बाबा रे, आता माझं डोकं चालत नाही. काय करू ते तूच सांग.

सांगेपर्यंत थांबायचं मात्र मला कुठलं सुचायला! सुट्टीहून परतताना बॅगेत औषधं कोंबून आणत नाही असं आपल्या माणसांचं घर इथे शोधून सापडायचं नाही. आमच्याही कपाटात नाशिकहून आणलेली लहान मुलांच्या अँटिबायोटिकची पावडरची बाटली होती. इथलं औषध मिळमिळीत आहे, आपलं कसं जोराचं असतं, हे मी धरूनच चालले होते. दोन्ही दिली तर ताप पळेल. बाटलीत पाणी घातलं, हलवली, पळी हातात घेतली आणि दारावरची बेल वाजली.

"कोण आहे?" मी आतूनच, वैतागून ओरडले. बाहेर कोणीतरी खळखळून हसलं. "अगो बाय, मराठी काय?" दार उघडलं तर पन्नाशीची एक बाई, धुळीने भुवया पिवळ्या झालेल्या. शहराच्या दुसऱ्या भागात, रिग्गईला राहणारी नर्स, मूळची रत्नागिरीकडची. सालमियात मैत्रिणीकडे निघाली होती, वादळात इमारत चुकली होती. मी तिला पाणी दिलं. पाणी पिता पिता तिची नजर चिऊवर गेली, मग दोन बाटल्यांवर, मग माझ्या हातातल्या पळीवर.

"तीर्थ देतेस की औषध?"

मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. सिरिंज मागून घेतली, डॉक्टरांच्या खुणेपर्यंत पाणी भरलं आणि पळीत सोडायला लागली. पळी लगेच भरली, पाणी माझ्या हातावर सांडलं, आणि सिरिंजमध्ये अर्ध्याहून जास्त तसंच उरलं होतं. एवढे दिवस माझ्या लेकराला मी अर्धपोटी औषध देत होते!

"वजन करून ठरवलेलं असतं गो हे," ती म्हणाली. "कमी दिलंस तर जंतू मरत नाहीत, जास्त दिलंस तर पोरीला त्रास." मग नाशिकची बाटली उजेडात धरून तिने नाव वाचलं. कंपनी वेगळी, आतलं औषध तेच, पण चमचाभर औषधात दुप्पट जोर. "ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडायचीसुद्धा नाही." मला वाटलं, बुडालेलं औषध आता एकदम भरून काढावं. तिने हातच धरला. "तसलं काही करू नकोस. आधी क्लिनिकला फोन लाव." मी फोन लावला. क्लिनिक शेजारच्याच इमारतीत होतं; डॉक्टरांनी चिऊला लगेच बोलावून तपासलं, औषध पुढे कसं द्यायचं ते नव्याने सांगितलं, आणि बरं वाटलं तरी मध्येच थांबवू नका असं बजावलं. वादळ निवळेपर्यंत ती माउली आमच्यासोबत होती. मैत्रिणीकडचं जेवण राहिलंच तिचं.

ताप हळूहळू उतरला. चिऊने "आय वॉन्ट पोहे" म्हणून घर डोक्यावर घेतलं त्या सकाळी मी त्या ताईंना फोन केला आणि म्हटलं, तुम्हाला देवानेच पाठवलं. "छे गो," त्या म्हणाल्या, "माझा रस्ता चुकला, एवढंच." मी वाद घातला नाही. पण मनात म्हटलं, चुको बाई, असाच कुणाकुणासाठी चुकत राहो. मी देवाला शरण गेले म्हणायचे, आणि माप मात्र माझंच चालवायचे. त्या दुपारी पहिल्यांदा खरंखुरं विचारलं, काय करू ते तूच सांग. आणि त्याने सांगितलंसुद्धा, अगदी मिलीलिटरमध्ये.