राणीची ओटी

उमरग्याच्या महादेवाची वाट निम्मी सरली, तरी शिवकांताच्या मनातला राग काही निवला नव्हता. पुढं तिची थोरली जाऊ इरम्मा चालत होती आणि मागं शिवकांता, डोक्यावर बेल-नारळाची पाटी घेऊन. श्रावणी सोमवार, पाय अनवाणी, काळ्या रानाचा चिखल घोट्यापर्यंत. खुरपणाऱ्या बायका उभ्या राहून विचारत, "राणीच्या अक्का, दर्शनाला का?" शिवकांताकडं कुणी मान वळवून बघत नव्हतं.

तीन वर्षांमागं, लढाईच्या दिवसांत, हैदराबादच्या सडकेवर गावाजवळ एक मोटार बंद पडली होती. काचांना मखमलीचे पडदे. कुठल्याशा संस्थानच्या राणीसाहेब आहेत म्हणून गावभर झालं. वेशीशी आलेली सवाष्ण रिकाम्या पदरानं जाऊ द्यायची नाही, मग ती राणी का असेना. बायका धावल्या. खण शिवकांताच्या पेटीतला, नारळ तिच्याच घरचा. पण गडबडीत ताट गेलं इरम्माच्या हाती आणि शिवकांताच्या हाती राहिला पाण्याचा तांब्या. मोटारीतून जरीकाठी लुगड्यातली बाई उतरली, तिनं पदर पुढं केला आणि ओटी इरम्मानं भरली.

पुढं रेवणप्पाच्या दुकानात सोलापूरचं वर्तमानपत्र आलं. त्यात त्या राणीचा फोटो होता. तोंड नीट उमटलं नव्हतं, गळ्यातले मोती तेवढे दिसत. रेवणप्पानं तो कातरून चौकटीत घातला, बसवण्णाच्या तसबिरीखाली टांगला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागला की हिची ओटी आमच्या इरम्माअक्कांनी भरलीय. मग राणी गोरी किती, बोलते कशी, हे विचारायला बायका इरम्माच्या ओट्यावर जमायच्या. इरम्मा नुसती हसायची.

त्याआधी तिला डोहाळजेवणाला कुणी बोलवत नसे. तिची कूस उजवली नव्हती. घरातलंच कार्य असलं तर आत ओटी भरायची गाणी चालत आणि ही परसात भाकऱ्या थापत बसायची. आता मात्र राणीच्या पदराला लागलेला हात ओटीला पहिला हवा, असं गावानं धरलं होतं. शिवकांताला तीन लेकरं, दारात सून आलेली. पण तिचा हात कुणाला आठवत नव्हता. आणि काल तिची स्वतःची सून शरणम्मा, सातवा लागलेली, लाजत म्हणाली होती, "आत्या, माझी पहिली वटी मोठ्या आत्यांच्या हातानं भरा."

 शिवकांताला मात्र एक ठाऊक होतं. तांब्या घेऊन ती मोटारीच्या पलीकडच्या अंगाला उभी होती. उतरलेल्या बाईनं ते पाणी चांदीच्या पेल्यात घेतलं आणि पडद्याआड दिलं. आतून अंगठ्यांनी भरलेली बोटं आली, पेला घेऊन आत गेली. राणी कधी कुणाला पाणी नेऊन देते? पण हे बोलावं, तर आपला खण-नारळही दासीच्याच पदरात पडला असं ठरणार. म्हणून ती आजवर गप्प होती.

ओढ्याला पाय धुवायला दोघी थांबल्या, तिथं शिवकांताला राहवलं नाही.

"अक्का, तुम्ही जिची वटी भरली ती राणी नव्हती. दासी व्हती. म्या बघितलंय."

इरम्मा पोटरीवरचा चिखल चोळत राहिली.

"ठाव हाय," ती म्हणाली. "तवाच बोलली ती मला, कानडीत. अम्मा, मी चाकर हाय, राणीसाहेब आत हायती, मला भरू नका म्हनली. म्या म्हनलं, पदर म्होरं केलाईस तर घे."

शिवकांताला वाटलं होतं, हिचं तोंड उतरेल. उलट तिचंच उतरलं. एवढी एक गोष्ट तिची एकटीची होती. तीही हिच्याकडं आधीपासून होती, आणि वर ती बाई बोलली होती तीसुद्धा हिच्याशीच.

"मग गावाला का न्हाय सांगितलं?"

"सांगनारच व्हते. तवर बंडप्पाच्या बायकोचं वटीला बोलवनं आलं." इरम्मानं तोंडावर पाणी मारलं. "पहिलंच."

शिवकांता उठली. आज घरी गेल्या गेल्या सुनेला सांगणार, असं तिनं तोंडावर सांगून टाकलं आणि पाटीला हात घातला. पण पाटी इरम्मानं उचलली होती. सबंध वाटेत पहिल्यांदा तिनं ती स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि तशीच उभी राहिली, वाट अडवून.

"शिवकांता, शरणम्माची वटी पहिली तूच भर. मला मागनं बोलव, समद्यांच्या मागनं बोलव. पन पोरीनं इचारलं तर राणीच व्हती म्हन. तू तिथं व्हतीस. एकदा तुझ्या तोंडानं म्हन."