एकदाच घासलेलं कडं

कोटा बारूच्या बाजारात बाया कोपरापर्यंत सोनं घालून भाजी विकतात, आणि त्यातलं निम्मं सोनं लीमाच्या हाताखालून गेलेलं असतं. सराफाच्या दुकानाबाहेर तिचं स्टूल, मांडीवर कसोटीचा काळा दगड, शेजारी तेजाबाची बाटली. दागिना दगडावर ओढायचा, वर थेंब सोडायचा. रेघ टिकली तर सोनं. विरघळली तर, "बये, नवरा बदलता येत नाही, निदान सोनार तरी बदल," एवढं म्हणून ती पुढच्या बाईकडे वळायची. एकदा पारखलेला दागिना मात्र ती पुन्हा कधी घासत नसे. म्हणायची, "माझा दगड काय शब्द फिरवतो?"

हा ताठा तिच्या चांगलाच अंगाशी आला.

लग्नात आवांगने तिला सोन्याचं कडं घातलं होतं. आवांग बूदू विकायचा, म्हणजे आंबवलेल्या मासळीची चटणी. सरहद्दीपलीकडच्या कुणा गोड बोलणाऱ्या विक्रेत्याकडून त्याने मोठ्या हौसेने ते आणलेलं. आठवड्याभरातच लीमाने ते गुपचूप आपल्या पारखी बापाच्या दगडावर ओढलं. रेघ हिरवी फेसाळली आणि गेली. पितळ! नवरा फसला होता आणि त्याला पत्ताही नव्हता. सांगितलं तर बिचारा खचेल, म्हणून तिने कडं फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी टाकलं, ते टाकलंच. कुणी विचारलं तर म्हणायची, "किमती वस्तू मिरवू नये."

पुढे मुलाची, साबरीची, सोयरीक जुळली. मागणीच्या दिवशी सासूने भावी सुनेला दागिना घालायचा असतो. लीमा नवी अंगठी घ्यायला निघाली, तर आवांग आडवा आला.

"घरात कडं असताना अंगठी कशाला?"

"अहो, जुनाट आहे ते."

"सोनं कधी जुनं होतं का? पारखीण तू की मी?"

लीमाने अंगठीचा नाद सोडला. त्यात मुलीची आत्या कीआ म्हणजे तिखट जिभेची. पितळ उघडं पडलं तर सोयरीक मोडणार आणि चारचौघांत नवऱ्याची लाज जाणार. त्या काळजीत फुलांच्या रंगात शिजवलेल्या निळ्या भातावर तिने दोनदा बूदू ओतली.

मागणीच्या दिवशी कीआने तोंड उघडलंच. "विहीणबाई, गावाचं सोनं घासता, आज आमच्यासमोर स्वतःचं घासा की! की दगड घरी विसरलात?"

बाया खो खो हसल्या. दगड नेहमीप्रमाणे पिशवीत होताच, नाही म्हणायची सोय नव्हती. लीमाने आवांगकडे पाहिलं. तो मजेत मासळीचा पापड चघळत होता. आवांगने पेटीतून काढून आणलेलं फडकं सोडून तिने कडं उचललं, आणि तिचा हात वजनाने खाली गेला. पितळ इतकं जड नसतं. तिने ते दगडावर ओढलं, थेंब सोडला. रेघ जागची हलली नाही.

"झालं माझं समाधान," कीआ म्हणाली. "पोरी, कर हात पुढे."

परतताना लीमाने विचारलं, "कधी बदललंत?"

"साबरीच्या आजारपणात गहाण टाकायला नेलं, तर गहाणवाला हसला. तेव्हा कळलं, तू ते कधीच का घालत नाहीस; तुला पहिल्यापासून माहीत होतं. मग माझा होला विकला, तस्संच सोन्यात घडवून घेतलं आणि पेटीत ठेवलं. म्हटलं, कधीतरी घासेल."

लीमा रस्त्यातच थबकली. पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा जिंकणारा तो होला! पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं, उडाला, असं आवांगने सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती त्याला उठताबसता वेंधळा म्हणत आली होती.

"मग बोलला का नाहीत? इतकी वर्षं टोमणे खाल्लेत!"

"तू तरी कुठे बोललीस?"

लाज आणि आनंद एकदमच दाटून आले आणि तिला रडू फुटलं. डोळे पुसत तिने विचारलं, "आणि पितळेचं कुठाय?"

"पारखीणबाई, रोज सकाळी तुम्हीच तर पुसून लख्ख करता."

ओसरीवर रिकामा पिंजरा टांगलेला होता. आत, होल्याच्या झोक्याच्या जागी, तेच कडं लटकत होतं; ती त्याला पिंजऱ्याचीच कडी समजत आली होती.

दुसऱ्या दिवशी ते मनगटात घालून लीमा बाजारात बसली. शेजारची भाजीवाली म्हणाली, "अगं, नवं दिसतंय! खरं आहे का? घास बघू."

लीमाने हात मागे घेतला. "हे नाही घासायचं. ह्याची पारख दगडाला जमत नाही."